भाताला कान देणारी

शुक्रवार, ११ नोव्हेंबर १९८३. दुपारी साडेबारा. ठिकाण: हूरा, हॉटेलांच्या मागची गल्ली, इनेसबाईंचं छोटं रेस्टॉरंट. हजर: मी, हे, आमची मुग्धा, सबनीस पतिपत्नी आणि दत्ताराम. एकूण सहा. न्यायचं: काही नाही. रिकाम्या हातांनी या, असं मालिनीने बजावलं होतं.

त्या वर्षीच्या वहीत एवढंच आहे. जिच्यासाठी आम्ही सहा जण जमलो होतो तिचं नाव हजेरीत नाही, कारण ती टेबलाशी नव्हती, पडद्यापलीकडे चुलीपाशी होती. पण ऐकू येत होती. मोठ्या उथळ लोखंडी तव्यात भात शिजत आला आणि पाणी आटलं, की तळाशी एक बारीक, सुकी कुरकुर सुरू होते. शमाल वाऱ्याने उडालेली वाळू खिडकीच्या काचेला घासत जावी तशी. तो आवाज सुरू झाला आणि पडद्याच्या फटीतून ती मला दिसली. पदर खोचलेला, कंबरेत वाकलेली, मान डावीकडे कललेली, डोळे मिटलेले. झोपलेल्या तान्ह्याचा श्वास ऐकावा तशी ती भात ऐकत होती. मी भात घड्याळावर करते. अठरा मिनिटं, मग गॅस बंद. त्या क्षणी मला काय वाटलं ते वहीत लिहिलेलं नाही, पण विसरलेही नाही. मला तिचा तो कान हवा होता.

मालिनी बहारीनला आली ती त्याच्या चार वर्षं आधीच्या जुलैमध्ये, घराबाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरते अशा दिवसांत. दत्ताराम तिचा नवरा, कुडाळकडचा, जहाजदुरुस्तीच्या गोदीत फिटर. तिच्या फॅमिली व्हिसाचे कागद ह्यांनी भरून दिले होते, म्हणून पहिले पंधरा दिवस ती दोघं आमच्याकडेच उतरली. मी पहिल्याच दिवशी तिला यादी दिली. माझं सगळं यादीने चालतं. पाणी कुठलं प्यायचं, बस कुठे थांबते, दुकानदाराशी हिंदीत काय बोलायचं, कोणत्या वेळी उन्हात मुळीच जायचं नाही. दोन पानं भरली होती. तिने ती प्रसादासारखी दोन्ही हातांनी घेतली, चार घड्या घातल्या आणि बटव्यात ठेवली. माझ्या माहितीप्रमाणे ती पुन्हा उघडली गेली नाही. आठवड्याभरात मनामाच्या मासळीबाजारातला एक म्हातारा विक्रेता तिला नावाने हाक मारू लागला. मी त्याच्याकडे सात वर्षं जात होते. मी अजूनही 'मदाम'च आहे.

इथलं ऊन पांढरं असतं, वस्तूंचे रंग काढून घेणारं. भिंती, रस्ते, समुद्र, सगळं दुपारी एकाच फिकट पत्र्याचं झाल्यासारखं दिसतं. पण मालिनी आमच्या स्वयंपाकघरात उभी राहिली की तिथला उजेड जुन्या पितळेवर पडल्यासारखा मवाळ होई. ती सावळी होती, बारीक होती, कपाळ रुंद आणि बोटं लांब. बोलणं कमी. प्रश्न विचारला की आधी मान डावीकडे कलती करी, जणू उत्तर कुठेतरी शिजत आहे आणि त्याचा आवाज यायचा आहे, आणि मग आपल्या मालवणीत दोन शब्द बोले. तिच्याजवळ माप नव्हतं. मीठ चिमटीतून पडे ते बरोबरच पडे. मी चमचे, वाट्या, मिनिटं सांगत राही आणि ती हसून 'व्हय, ताई' म्हणे. आणि तिच्या हातचं कालवण माझ्या मापातल्या कालवणापेक्षा एक पायरी वर जाऊन उभं राही.

तरी ती माझ्या हाताखाली तयार झाली, असं मी सांगत असे आणि लोकही मानत. खोटंही नव्हतं ते. गॅसची शेगडी तिने माझ्याकडे पहिल्यांदा वापरली. पाहुण्यांत कसं वागायचं तेही मीच शिकवलं. त्या दोघांनी वेगळी खोली घेतल्यावर तिने आम्हाला जेवायला बोलावलं, आणि ह्यांच्या ताटात भाताबरोबर खरवडीचा एक लालसर तुकडा वाढला, पातेल्याच्या तळाला लागलेला, खरवडून काढलेला. मी तिला बाजूला घेतलं. "खरवड पाहुण्याच्या ताटात वाढायची नसते. करणारणीने मागाहून खायची असते," असं सांगितलं. मला ते पक्कं ठाऊक होतं. लग्नानंतरची सहा वर्षं साताऱ्याच्या सासरी सर्वांची पंगत उठल्यावर माझ्या वाट्याला तेवढीच राहत असे. मालिनीने मान खाली घातली आणि तुकडा उचलून नेला. मी ती बाब मनातल्या यादीत झाली म्हणून खूण केली.

इनेसबाई ही दत्तारामच्या गोदीतल्या एका स्पॅनिश इंजिनीयरची बायको. वलेन्सियाकडची, भाताच्या खाचरांच्या प्रदेशातली, धिप्पाड, करड्या केसांची. तिने हूऱ्यात एका जुन्या घराचा तळमजला घेतला, सहा टेबलं मांडली, निळ्या झडपांच्या खिडक्या तशाच ठेवल्या आणि आपल्या देशातल्या निरनिराळ्या प्रांतांचे पदार्थ करायला सुरुवात केली. पण डुकराचं मांस नाही, वाईन नाही, तिकडचे मासे नाहीत. तेव्हा तिला प्रत्येक पदार्थ मोडून नव्याने जुळवावा लागे. भाज्या चिरायला, मासे साफ करायला म्हणून मालिनी तिथे गेली. दोघींची एकही भाषा सामाईक नव्हती. थोडं इंग्रजी, 'यल्ला', 'खलास' असे दोन-चार अरबी शब्द, आणि उरलेलं हातांनी. वर्षाच्या आत पदार्थ मोडायचे इनेसबाईने आणि जुळवायचे मालिनीने, अशी वाटणी झाली. व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या हामूर माशात तिने तिरफळ घातलं. उत्तरेकडचं बटाट्याचं जाड ऑम्लेट लोखंडी तव्यावर, वर झाकण ठेवून, आंबोळीसारखं जाळीदार केलं. आणि दक्षिणेकडे उन्हाळ्यात पितात त्या टोमॅटोच्या गार साराला आंबटपणा हवा होता, तिथे कोकमाचं पाणी घातलं.

ते कोकम माझं होतं.

सुट्टी संपवून मुंबईहून कोण कोणत्या तारखेला परततंय, याची यादी माझ्याकडे असे. कुणाच्या बॅगेत जागा असते, कुणाला भीड घालता येते, कुणाला मुळीच सांगायचं नाही, तेही त्यात असे. कोकम, तिरफळं, मेतकूट, पंचांग. सगळं माझ्या फडताळात उतरे आणि मी वाटून देई. इथल्या मराठी मंडळाच्या बायका त्या फडताळाला मान देत. आणि आता माझ्या बरणीतून उचललेल्या चार आमसुलांवर इनेसबाईचं गिऱ्हाईक डोळे मिटून माना डोलवत होतं, आणि नाव मालिनीचं होत होतं.

त्या हिवाळ्यात झल्लाकच्या किनाऱ्यावर मंडळाची सहल गेली. मी बटाटेवडे नेले, नेहमीप्रमाणे. मालिनीने इनेसबाईकडचा तिरफळाचा मासा आणला. तिचं भांडं अर्ध्या तासात पुसून निघालं. ह्यांचं सांगायचं तर, वीस वर्षांत मी विचारल्याशिवाय ह्यांनी पदार्थाबद्दल शब्द काढलेला नाही, आणि विचारल्यावर उत्तर 'ठीक आहे'. त्या दिवशी हे स्वतः उठून दुसऱ्यांदा वाढून घ्यायला गेले आणि दत्तारामला म्हणाले, तुम्ही भाग्यवान आहात हो. समुद्र शांत होता, ओहोटीने उघडा पडलेला, आणि त्या चकचकीत चिखलावर ऊन सांडलं होतं. सबनीसबाई माझ्या शेजारी चादरीवर बसल्या होत्या.

"काय विजयाताई, शिष्याने गुरूला मागे टाकलं की."

"शिष्य चांगला निघाला तर नाव गुरूचंच होतं," मी म्हटलं आणि डबा बंद केला. अकरा वडे परत आले. ते मी मोजले होते.

पुढच्या जूनच्या अखेरीस नवं कोकम आलं. मोठी बरणी गळ्यापर्यंत भरली. दोन दिवसांनी मालिनी दारात आली, घामाने केस कपाळाला चिकटलेले, हातात रिकामी बाटली. "ताई, कोकम इलां?" तिने विचारलं. बरणी माझ्या पाठीमागच्या फडताळात होती आणि फडताळाचं दार लोटलेलं होतं.

"यंदा कोकम आलंच नाही गं," मी म्हटलं.

कोकमाला वास असतो. नव्या कोकमाला तर जास्तच. मालिनीने मान डावीकडे कलती केली, भाताजवळ करते तितकीच, आणि क्षणभर माझ्याकडे पाहिलं, नव्हे, ऐकलं. मग बाटली पिशवीत परत ठेवली. "असांदे, ताई. कायतरी करूया," म्हणाली आणि गेली.

मला वाटलं होतं, आता ते गार सार खाली बसेल. तिने मासळीबाजारातल्या त्या म्हाताऱ्याकडून लूमी आणली. इथले लोक कालवणात घालतात ती उन्हात वाळून काळी पडलेली लिंबं. ती टोचून, रात्रभर पाण्यात भिजवून, त्यांचं पाणी तिने टोमॅटोत घातलं. सप्टेंबरपर्यंत हूऱ्यात सगळीकडे त्या काळसर-तांबड्या साराचंच बोलणं होतं. कोकमापेक्षा खोल, धुरकट, मागाहून जिभेवर रेंगाळणारं. माझी बरणी भरलेली राहिली.

म्हणून त्या शुक्रवारी आम्ही तिथे होतो. इनेसबाईने त्या दिवसाचा भात पहिल्यांदाच पूर्णपणे मालिनीवर सोपवला होता, आणि मालिनीने पहिलं टेबल आपल्या माणसांसाठी राखलं होतं. नमाज सुटला होता. गल्लीतून चपलांचे आवाज पांगत होते. निळ्या झडपांतून उन्हाच्या पट्ट्या टेबलावर पडल्या होत्या आणि प्रत्येकाच्या ताटलीवर एक एक पट्टी आली होती. इस्त्रीच्या शर्टात अवघडून बसलेला दत्ताराम काचेच्या पेल्यावरून बोट फिरवत होता आणि पुन्हापुन्हा पडद्याकडे पाहत होता. आधी लूमीचं गार सार आलं. सगळ्यांनी पेले रिकामे केले. मी दोन चमचे घेतले आणि पेला बाजूला सारला, कारण तिसरा घेतला असता तर पेला संपवावा लागला असता.

मग पडद्यामागची कुरकुर थांबली आणि मालिनी तव्याचे दोन्ही कान धरून तो घेऊन बाहेर आली. टेबलाच्या मधोमध ठेवला. केशराच्या रंगाचा भात, त्यात रोवलेल्या कोलंब्या, हामूरच्या पांढऱ्या पाकळ्या, वाफेबरोबर समुद्राचा आणि भाजल्या धान्याचा एकत्र वास. तिने एकेकाला वाढलं: सबनीसांना, सबनीसबाईंना, ह्यांना, मुग्धाला, नवऱ्याला. माझी ताटली शेवटपर्यंत रिकामी राहिली. मी हातरुमालाची घडी सरळ केली. नंतर तिने पळी उलटी धरली, तळाशी घातली आणि जोर लावून खरवडलं. तो आवाज दगडावर कोयता घासल्यासारखा होता. तव्याच्या मध्यातली तपकिरी, चकाकणारी पापडी अखंड निघाली, आणि ती तिने माझ्या ताटलीत ठेवली. नुसती ती. भात नाही, कोलंबी नाही. आणि पळी हातात धरून माझ्याकडे पाहत उभी राहिली.

मला वाटलं, हे कोकमाचं उत्तर आहे. हिला तेव्हा वास आला होता, चार महिने हिने मनात ठेवलं, आणि आता सर्वांदेखत मला माझी जागा दाखवली. पंगत उठल्यावरची जागा. ज्या गोष्टीवरून मी हिला चार वर्षांपूर्वी बाजूला घेऊन शिकवलं, तीच नेमकी निवडली. हेवा माणसाला किती बारीक हिशेब करायला लावतो, ते मला त्या एका क्षणात कळलं, आणि तरी हिशेब चुकीचा असू शकतो हे मनाला शिवलं नाही.

"खरवड खायचे दिवस माझे संपले, मालिनी," मी म्हटलं. आवाज चढवला नाही. ताटली दोन बोटांनी पुढे सरकवली.

सबनीसबाई हसल्या, थट्टा समजून. ह्यांनी भातातून मान वर काढली नाही. मालिनीने पळी पदराला पुसली, एकदा, दोनदा, पुसण्यासारखं काही नसताना. "बरां, ताई," म्हणाली आणि आत गेली. पडदा थोडा वेळ हलत राहिला. मुग्धा चौदा वर्षांची होती. आम्ही मराठीत बोलायचो, ती उत्तर इंग्रजीत द्यायची. तिने ती पापडी उचलून मोडली, खाल्ली आणि म्हणाली, "आई, धिस इज द बेस्ट पार्ट." मी तिला डोळ्यांनी गप्प केलं.

मार्चमध्ये दत्तारामचा करार संपला. मी त्यांना सामानाची यादी करून दिली. कोणत्या बॅगेत काय, विमानतळावर कोणते कागद वर ठेवायचे. निघण्याच्या आदल्या दुपारी मालिनी आली. आमच्यात भांडण नव्हतंच, त्यामुळे मिटवण्यासारखंही काही नव्हतं. तिने पिशवीतून लूमीने भरलेली बाटली काढून ओट्यावर ठेवली. तीच बाटली, जी जूनमध्ये रिकामी परत गेली होती. "कोकम नसात तेव्हा हेचा पाणी घाला," म्हणाली. मी तिच्या चेहऱ्यात टोमणा शोधला. तिथे टोमणा नव्हता; नुसती थकलेली दुपार होती. ती वाकली, माझ्या पाया पडली आणि जिना उतरली. ती अनवाणी असल्यासारखी चाले, चपला घालूनही तिचा आवाज येत नसे, त्यामुळे ती नेमकी कधी गेली ते मला कळलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मुग्धाच्या हट्टाने आम्ही दोघी पुन्हा इनेसबाईकडे गेलो. भात आला, चांगला होता. इनेसबाई आमच्या टेबलाशी येऊन बसली आणि तिच्या तुटक इंग्रजीत मालिनीबद्दल बोलत राहिली. इनेसबाईच्या आईच्या घरी, तिने सांगितलं, भाताचा तळ खरवडून तो एकाच माणसाला द्यायची रीत. रांधणारी ठरवते आणि सगळं टेबल पाहतं. त्या तुकड्यावरून बहिणी बहिणींशी अबोला धरतात. त्या शुक्रवारी तिने मालिनीला सांगितलं होतं, आजचा भात तुझा, तेव्हा तळही तुझाच, तुला हवा त्याला दे. तिला वाटलं, नवऱ्याला देईल. मालिनी म्हणाली, ताईला.

"तिने मला तीन वेळा विचारलं," इनेसबाई म्हणाली. "हे पाहुण्याला वाढलेलं चालतं ना? नक्की मान असतो ना? कारण तिला कुणीतरी शिकवलं होतं, चालत नाही म्हणून." तिने चार बोटं वर केली. "मग ती बाहेर वाढून परत आली आणि तिने चौथ्यांदा विचारलं."

मुग्धा माझ्याकडे पाहत होती. मी पाण्याचा पेला उचलला आणि रिकामा असल्याचं उशिरा लक्षात आलं.

याला आता पाच वर्षं झाली. इनेसबाई नवऱ्याबरोबर मायदेशी गेली. निळ्या झडपांमागे शिंप्याचं दुकान आलं आहे. मुग्धा पुण्याला कॉलेजात आहे. आमचीही निघण्याची वेळ जवळ आली, आणि मी घर आवरते आहे. खोलीखोलीने, कपाटाकपाटाने, याद्या करून. फडताळातून जूनची ती बरणी निघाली. कोकम वाळून चामड्यासारखं झालं होतं, ते टाकलं. लूमीची बाटली पुसून परत ठेवली. सांगायला संकोच वाटतो, पण हेवा संपलेला नाही. फक्त त्याने जागा बदलली. पूर्वी मला तिच्या हाताचा हेवा वाटे. आता वाटतो तो चार वेळा विचारणाऱ्या मनाचा. मी एकदाही कुणाला विचारलं नव्हतं.

शुक्रवारी हे झोपले की कधीकधी मी मुद्दाम भात जास्त वेळ ठेवते. घड्याळ उलटं करते, वाकते, मान डावीकडे कलती करते. बहुतेक वेळा एसीची घरघर ऐकू येते. कधी वाटतं, ऐकू आलं. झाकण काढावं तर करपलेलं असतं. तरी ते खरवडून ताटलीत घेते आणि उभ्यानेच खाते.

तिच्या गावचा पत्ता माझ्याकडे आहे, तिच्या सामानाच्या यादीची कार्बन प्रत मी ठेवली होती त्यावर. दर जानेवारीला नव्या वहीच्या पहिल्या पानावर, गेल्या वर्षीची न झालेली कामं उतरवताना, पहिली ओळ हीच येते: मालिनीला पत्र. दोनदा सुरुवात झाली. 'चि. मालिनीस अनेक आशीर्वाद' इथवर हात सरळ चालतो. पुढचं वाक्य कोकमापासून सुरू करावं लागतं, आणि तिथे थांबतो. बाकीच्या कामांवर काळ आपोआप रेघ मारत जातो, माणसं जातात, दुकानं बदलतात, देश सोडावे लागतात; जी निघून गेली तिची ओळ तेवढी मला दर वर्षी माझ्याच हाताने पुन्हा लिहावी लागते. यंदाही लिहिली आहे. तिच्यापुढे खूण नाही.